समर्थांच्या जांबहून केदारला

समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालचा, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. समर्थ बदरीकेदारला पायी गेले, असे परंपरा सांगते. आजचा एखादा यात्रेकरू दोन-तीन दिवस गाडीत पाय दुमडून बसतो आणि हेलिकॉप्टरने काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवरच्या केदारनाथला उतरतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. दम लागतो, हे सगळे जाणतात. रक्त दाटते, हे कुणी सांगत नाही. कोरड्या थंडीत धापा टाकताना शरीरातले पाणी घटते. मुक्काम आठवडे लांबला, तर तांबड्या पेशीही वाढतात. उंच सीमेवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या जवानांत रक्ताच्या गुठळ्या अधिक होतात, हे लष्करी डॉक्टरांनी नोंदवले आहे. चार दिवसांच्या यात्रेत तेवढा धोका नाही. तिथे खरा वैरी म्हणजे गाडीतली बैठक आणि वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून बायकांनी टाळलेले पाणी! पूर्वी गुठळी झालेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक छातीत कळ आली, तर ती गुठळीची खूण असू शकते; दर्शनाची रांग सोडून आधी दवाखाना गाठावा.