फेलो की खरेदी कारकून?

यंत्र अभियांत्रिकी विभागात ‘ज्युनिअर रिसर्च फेलो’ हवा असल्याची जाहिरात निघते, ती साधारण अशी: पद एक, निव्वळ तात्पुरते, प्रकल्पाबरोबर संपणारे, एमटेक, नाहीतर बीटेक आणि गेट उत्तीर्ण, अ‍ॅन्सिस, मॅटलॅब येत असल्यास उत्तम, मुलाखतीचा प्रवासखर्च मिळणार नाही. इतक्या रोखठोक अटी हल्ली वरपक्षही घालत नाही. तरी रुजू झाल्यावर जे काम सर्वांत जास्त करावे लागते, त्याचा या जाहिरातीत उल्लेखच नसतो.

उष्णतावहनाचा प्रयोग मांडायचा तर थर्मोकपल लागते. काही शे रुपयांची तार. पण तिच्यासाठी तीन कोटेशने, तुलनात्मक तक्ता, ‘जेम’ या सरकारी खरेदी पोर्टलवर वस्तू मिळत नसल्याचा दाखला, आणि जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकला म्हणून परत आलेली फाइल! एवढ्या किरकोळ खरेदीला कोटेशनेच लागत नाहीत असे नियम सांगतो. ‘असू द्यात, ऑडिटला बरं पडतं’ असे हिशेब विभाग सांगतो. भोसरीतला मिस्त्री फ्लँजला चार भोके दहा मिनिटांत पाडून देतो, पण त्याच्याकडे लेटरहेड नसते. मग भोके राहतात आणि लेटरहेडवाला शोधणे सुरू होते. तोवर 31 मार्च येतो आणि वर्षभर अडलेला पैसा आठ दिवसांत संपवण्याची धांदल उडते.

हे दुखणे सरकारला कळत नाही असे नाही. जून 2025 मध्ये केंद्राने संशोधन संस्थांना ‘जेम’बाहेर खरेदीची मुभा दिली आणि कोटेशनाविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. निर्णय चांगलाच आहे. फक्त तो हिशेब विभागाच्या टेबलापर्यंत पोचायला हवा.

फेलोशिपचीही तीच तऱ्हा. 2019 मध्ये ती महिना 31,000 रुपये झाली, तीही संशोधक रस्त्यावर उतरल्यावर. पुढची वाढ, 37,000 ची, 1 जानेवारी 2023 पासून लागू. आदेश मात्र जूनमध्ये निघाला. प्रकल्पाचा हप्ता अडकला की ही रक्कमही अडकते. घरमालक मात्र पहिल्या तारखेलाच दार वाजवतो.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना एक विनंती. पुढच्या जाहिरातीत अ‍ॅन्सिसच्या शेजारी एवढे जोडा: ‘कोटेशने मागवण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य.’