प्रोजेक्ट चौघांचा, लॅपटॉप एकाचा

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच प्रोजेक्ट निरनिराळ्या नावांनी फिरायला लागतो. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल लास्ट’ आणि शेवटी ‘हाच घ्या’! त्यातली कुठली झिप फाइल खरी, हे ग्रुपमधल्या एकालाच माहीत असतं, कारण प्रोजेक्ट ‘रन’ होतो तो फक्त त्याच्या लॅपटॉपवर. बाकीचे तिघं मागे उभे राहून चहा पुरवतात.

यावर आपण सगळे हसतो. पण मित्रहो, यात हसण्यासारखं फार काही नाही. ज्याने रात्री जागवल्या त्यालाही बाकी तिघांइतकेच मार्क, हा एक अन्याय. तो सगळ्यांना दिसतो आणि ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणून आपण त्या तिघांना नावंही ठेवतो. दुसरा अन्याय मात्र कोणाला दिसत नाही. त्या तिघांपैकी एखाद्याला खरंच काम करायचं असतं. पण पहिल्याच मीटिंगमध्ये ठरून जातं, ‘याचं कोडिंग कच्चं आहे, याला रिपोर्ट द्या.’ मुलींच्या वाट्याला तर पीपीटी हमखास! मग वर्ष संपेपर्यंत त्या बिचाऱ्यांचा कोडला हात लागत नाही. का? तर ‘तू हात लावलास की बिघडेल.’

या दोन्ही दुखण्यांवर एक औषध फुकटात उपलब्ध आहे. त्याचं नाव गिट. ‘ते तर आम्ही वापरतोच’ असं तुम्ही म्हणाल. माझं स्पष्ट मत आहे की आपण ते वापरत नाही, आपण त्याचा ऑनलाइन पेनड्राइव्ह करून टाकला आहे. अकाउंट एकाचं, शेवटच्या रात्री सगळा कोड एका दमात अपलोड, आणि कमिटच्या संदेशात एकच शब्द, ‘डन’. झालं गिट!

मुळात गिटमध्ये वेगळं काय आहे, ते मला माझ्या रूममेटच्या एका उपमेमुळे नीट समजलं. ती शेतकऱ्याच्या घरची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, सातबारा हा शब्द फक्त पेपरात वाचलेला. तिने सांगितलं, जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली की फेरफाराची नोंद होते. तिला नंबर पडतो. कोणी, कधी, कशामुळे बदल झाला ते त्यात असतं, आणि नवी नोंद आली म्हणून जुनी नोंदवहीतून जात नाही. कमिट म्हणजे अगदी हेच. फरक एवढाच की फेरफाराचं दप्तर तलाठ्याकडे असतं, आपल्या हातात येतो तो चालू उतारा.

सीव्हीएस, सबव्हर्जन या जुन्या सिस्टिम अशाच ‘तलाठी’ पद्धतीच्या. सगळा इतिहास सर्व्हरवर, आपल्या मशीनवर फक्त कामापुरती कॉपी. सर्व्हरशी कनेक्शन नसेल तर कमिट करता येत नाही. गिटमध्ये क्लोन केलं की पहिल्या दिवसापासूनचं संपूर्ण दप्तर प्रत्येकाच्या मशीनवर येतं. कोणी एक तलाठी उरत नाही. विकेंद्रित म्हणतात ते याला.

ही कल्पना काही फक्त गिटची नाही. लिनक्स कर्नलवाले 2002 पासून बिटकीपर नावाची अशीच विकेंद्रित सिस्टिम वापरत होते. ती एका कंपनीची होती. 2005 साली तिने फुकट वापराची सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये स्वतः गिट लिहायला घेतलं. जूनमध्ये कर्नलची 2.6.12 ही आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेरसुद्धा पडली. मर्क्युरिअल ही दुसरी विकेंद्रित सिस्टिमही त्याच एप्रिल महिन्यातली. दप्तर दुसऱ्याच्या कपाटात असलं की काय होतं, याचा अनुभव आलेल्या लोकांनी ही साधनं बनवली आहेत.

त्याचा फायदा 2011 मध्ये दिसला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कर्नल डॉट ऑर्गचे सर्व्हर कोणीतरी फोडल्याचं उघडकीला आलं आणि साइट कित्येक दिवस बंद राहिली. पण कोडचं काय झालं, याची कोणाला रात्रभर झोप उडवून घ्यावी लागली नाही. संपूर्ण इतिहास हजारो लोकांकडे होता. टोरवाल्ड्सने सप्टेंबरमध्ये आपल्याकडची कॉपी तात्पुरती गिटहबवर ठेवली आणि काम पुढे चालू! उलट उदाहरण 2017 चं. गिटलॅब या साइटवर 31 जानेवारीला चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला गेला. रेपॉझिटरी शाबूत राहिल्या, पण डेटाबेसमध्ये असलेल्या चर्चा, तक्रारी, कॉमेंट यांचा सुमारे सहा तासांचा ऐवज कायमचा गेला. जे सगळ्यांच्या हातात होतं ते वाचलं, जे एकाच जागी होतं ते गेलं.

आता हे आपल्या ग्रुपला लावून बघा. चौघांचा प्रोजेक्ट एकाच लॅपटॉपवर असेल तर आपण गिट असूनही तलाठी नेमला! तो गावी गेला, आजारी पडला किंवा त्याच्या लॅपटॉपवर चहा सांडला की चौघांचा संसार थांबला.

पण बॅकअप हा छोटा फायदा. मोठा फायदा त्या ‘कच्च्या’ मेंबराचा आहे. संपूर्ण प्रोजेक्ट त्याच्याही मशीनवर असेल तर प्रयोग करायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. स्वतःची ब्रँच काढायची, मोडायचं, जोडायचं. मेन ब्रँचला धक्का लागत नाही. जमलं तर बाकीचे वाचून बघतील आणि मर्ज करतील, नाही जमलं तर ब्रँच तिथेच सोडून द्यायची. ‘तू हात लावलास की बिघडेल’ या वाक्यातला दमच निघून जातो. माझ्या मते गिटची सगळ्यात लोकशाही गोष्ट ही आहे.

मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट येतो, त्याला सगळे घाबरतात. दोघांनी एकाच जागी वेगवेगळा बदल केला की गिट थांबतं आणि दोन्ही बदल समोर ठेवतं. ते स्वतः निवाडा करत नाही. मग दोघांना एका टेबलावर बसून बोलावं लागतं. खरं तर ग्रुप प्रोजेक्टमध्ये एवढंच तर अपेक्षित होतं! झिप फाइलच्या पद्धतीत ज्याची फाइल शेवटची, त्याचं राज्य. दुसऱ्याची दोन दिवसांची मेहनत पुसली गेली तरी त्याला पत्ता लागत नाही.

होस्टेलचं नेट हे आपलं लाडकं कारण. पण कमिट करायला नेट लागतच नाही! नेट लागतं ते दुसऱ्याकडे पोचवायला, आणि त्यालाही पर्याय आहे. विंगमधल्या एका मशीनवर बेअर रेपॉझिटरी ठेवली की त्याच नेटवर्कवरून बाकीच्यांना पुश आणि पुल करता येतं. तेही नसेल तर पेनड्राइव्हवरची रेपॉझिटरीसुद्धा रिमोट म्हणून चालते.

आता आक्षेप. सर म्हणतील, ‘हे लॉग-बिग सगळं बनवता येतं.’ बरोबर आहे. कमिटवर नाव तेच येतं जे त्या मशीनवर सेट केलेलं असतं. लॅबच्या मशीनवर आधीच्या बॅचच्या कोणाचं नाव राहिलं असेल तर तुमचं काम त्याच्या खात्यात जमा! (बसल्या बसल्या आधी ते तपासा.) तारीखही हवी ती टाकता येते. पण प्रत्येक कमिटची ओळख म्हणजे 40 अंकी-अक्षरी हॅश साधारणपणे असतो, आणि तो त्या कमिटचा मजकूर आणि आधीच्या कमिटची ओळख यांवरून निघतो. मधली एक नोंद बदलली की पुढच्या सगळ्या ओळखी बदलतात. म्हणजे इतिहास बदलता येतो, पण ज्यांच्याकडे जुनी कॉपी आहे त्यांच्या नकळत बदलता येत नाही. अट एकच, जुनी कॉपी दुसऱ्या कोणाकडे तरी हवी. गाइडनी दर आठवड्याला एकदा पुल केलं तरी पुरे. सहा महिन्यांचा इतिहास शेवटच्या रात्री रचणाऱ्याची पंचाईत होईल.

दुसरा आक्षेप मला स्वतःला जास्त पटतो. कमिट मोजून मार्क दिले तर लोक एकेका स्वल्पविरामाचा कमिट करतील. ‘गिट ब्लेम’ या कमांडने प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दिसतं, पण कोणी हुशाराने सगळ्या फाइलमध्ये टॅबच्या जागी स्पेस टाकली की सगळी फाइल त्याच्या नावावर! म्हणून मोजणी नको, वाचन हवं. व्हायवाला एक्स्टर्नलनी लॉग उघडावा, एखाद्या कमिटवर बोट ठेवावं आणि ज्याच्या नावावर आहे त्याला विचारावं, ‘हा बदल का केलास?’ ज्याने केला असेल तो दोन मिनिटांत सांगेल. (सबव्हर्जनमध्ये ब्लेम या कमांडला ‘प्रेझ’ असंही दुसरं नाव आहे. आपणही लॉग शाबासकीसाठी आधी वाचावा, दोष काढायला नंतर.)

थोडक्यात, मागणी फार मोठी नाही. डिपार्टमेंटने प्रोजेक्टच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक ग्रुपची रेपॉझिटरी नोंदवून घ्यावी आणि गाइडकडे तिची कॉपी असावी. सबमिशनला सीडी नाहीतर झिप न घेता इतिहासासकट रेपॉझिटरी घ्यावी, म्हणजे पुढच्या बॅचला तिथून पुढे जाता येईल. दरवर्षी तेच अटेंडन्स सिस्टिम शून्यापासून लिहिण्यात काय हशील आहे?

आणि आपण विद्यार्थ्यांनी? छोटे कमिट करा, रोज करा, स्वतःच्या नावाने करा. दोघांनी एका कीबोर्डवर काम केलं तर संदेशाच्या शेवटी दुसऱ्याचंही नाव सहलेखक म्हणून लिहा. पासवर्ड कधीच कमिट करू नका. पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी जुन्या नोंदीत तो राहतो, आणि ती नोंद सगळ्यांकडे असते. असा पासवर्ड बदलणं हाच उपाय. संदेशात ‘डन’ नको, काय बदललं आणि का ते एका ओळीत लिहा. इंग्रजी अडत असेल तर खुशाल मराठीत लिहा, गिटला देवनागरी चालते. ‘लॉगिन दोनदा होत होतं, ते थांबवलं’ हे ‘अपडेटेड’ या शब्दापेक्षा शंभरपट कामाचं आहे.

आणि ग्रुप लीडर्सना एक विनंती. आज रात्री मेसवरून आल्यावर आपल्या ग्रुपमधल्या त्या रिपोर्टवाल्याच्या किंवा पीपीटीवालीच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट क्लोन करून द्या. तो तिच्या मशीनवर रन झाला, की मग म्हणा प्रोजेक्ट चौघांचा आहे.