६५ रुपयांचा संगणक

बाबांच्या दुकानाचा बारा वर्षांचा संगणक दिवाळीत अचानक बंद पडला. "भंगारात घाला," असे ज्याने त्याने सांगितले. खडे बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी मात्र दुसरा एस.एम.पी.एस. जोडून पाहिला व म्हणाले, "इदु सत्तिल्ल!" म्हणजे, हा मेलेला नाही.

घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ व ३.३ व्होल्टवर आणून देणारी ही पेटी. वॅट आणि पिना (२० की २४) जुळल्या की चार स्क्रू काढून ती बदलता येते. पेटी मात्र स्वतः उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

खर्च ८०० रुपये. आता आमचे वाणिज्यशास्त्र काय म्हणते? आयकराच्या ४० टक्के घसाऱ्याने ३०,००० रुपयांचा संगणक बारा वर्षांनी पुस्तकात अवघा ६५ रुपयांचा उरतो. ६५ रुपयांच्या वस्तूवर ८०० खर्चणारा वेडाच! पण नव्यासाठी ३०,००० मोजावे लागले असते, त्याचे काय?

मित्रहो, घसारा हा हिशेबाचा नियम आहे, वस्तूचा मृत्यूचा दाखला नव्हे. एक भाग गेला म्हणून सारेच टाकून देणे ही प्रगती नव्हे, उधळपट्टी आहे. बाबांचे हिशेब आजही त्याच संगणकावर चालतात.