ध्वनिमुद्रिका नव्हे, सोबत हवी

चंचल मुलाला धाक दाखवून एकाग्रता येत नाही. तशीच ती 'बुद्धिवर्धक' संगीत ऐकवूनही येत नाही. १९९३ साली अमेरिकेत मोझार्टच्या संगीतावर झालेल्या ज्या प्रयोगातून हे वेड पसरले, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता आणि त्याचा परिणाम जेमतेम १०-१५ मिनिटे टिकला. तरीही १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना ध्वनिमुद्रिका वाटण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले!

संगीतोपचाराचे मर्म वेगळे आहे. तेथे मूल केवळ श्रोता नसते, सहभागी असते. उपचारक आधी मुलाच्या गतीने ठेका धरतो, मग लय हळूहळू संथ करतो. मूलही तिच्यामागे येऊ लागते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खूण होताच हात रोखणे, हा संयमाचाच सराव. आपल्या त्रितालातही १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी असते. नवव्या मात्रेवर, खालीला, मात्र हात आवरावा लागतो.

संगीत हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे, पूरक साहाय्य आहे. निदान तज्ज्ञांनीच करावे. पालकांनी मात्र यंत्र सुरू करून उठून न जाता, रोज १० मिनिटे मुलासमवेत ताल धरावा. मुलाला आधी हवे असते ते पालकांचे अवधान.