इंग्रजी क्रियापदे व आमची देणीघेणी

इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणण्याचा परिपाठ आपल्याकडे फार दिवसांचा आहे. ते दूध पिऊन आमच्यापैकी किती जण वाघ झाले, ह्याची चर्चा आज आम्हांस कर्तव्य नाही. परंतु ज्यांच्या केवळ ओठांस ते लागले आहे, अशा कित्येक दुकानदारांच्या, घरवाल्यांच्या व भाडेकऱ्यांच्या सह्या इंग्रजी कागदांवर होत असतात, आणि त्या कागदांतील क्रियापदाचा काळ कोणता, ह्याकडे सही करणाराचे लक्ष बहुधा नसते. इंग्रजी बोलताना चूक झाली तर फार तर चार लोक हसतील. परक्या भाषेत चुकण्यात लाजण्यासारखे काही आहे असे आम्ही मानीत नाही. पण चुकलेल्या क्रियापदाखाली सही पडली म्हणजे प्रश्न हसण्याचा राहत नाही. तो पैशाचा व घरादाराचा होतो.

उसनवारीचेच उदाहरण घ्या. ऋणकोने धनकोस चिठ्ठी लिहिली. तीत त्याने 'आय ओड यू' असे लिहिले, तर अर्थ झाला, 'मी तुमचे देणे लागत होतो'. 'आय ओ यू' लिहिले तर 'देणे लागतो'. 'आय विल पे यू' लिहिले तर 'देईन'. पहिल्या दोहोंत कागदावर फरक एका 'डी' अक्षराचा. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे कलम १८ ह्या अक्षराजवळच उभे आहे. देणे आज शिल्लक आहे अशी लेखी व सहीची कबुली मुदत संपण्यापूर्वी मिळाली, तर त्या सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. उसन्या रकमेस ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. देणे एके काळी 'होते' एवढ्याने ते आज 'आहे' असे ठरत नाही. बरे, मुदत टळून गेली असेल तर 'लागतो' ह्या नुसत्या कबुलीनेही भागत नाही. तेथे १८७२ च्या कराराच्या कायद्याचे कलम २५ पुढे येते, आणि त्यास हवे असते लेखी वचन, म्हणजे 'देईन' हा शब्द. भूत, वर्तमान व भविष्य ह्या तीन काळांनी एकाच रकमेच्या तीन वेगळ्या गती होतात. जो व्यापारी वहीतील एका पैशाची चूक काढण्याकरिता रात्री दिवा जाळतो, त्याने आलेल्या चिठ्ठीतील क्रियापद न पाहता ती फडताळात टाकावी, हे आश्चर्य नव्हे काय?

घराच्या व्यवहारात हाच घोळ अधिक महाग पडतो. साठेखत व खरेदीखत ह्यांतील भेद आमच्याकडे अशिक्षित मनुष्यासही ठाऊक असतो, कारण मराठीत दोहोंस दोन निराळी नावे आहेत. तोच कागद इंग्रजीत आला की 'अग्रीज टू सेल' म्हणजे 'विकण्याचे कबूल करतो' आणि 'सेल्स' म्हणजे 'विकतो', ह्यांतील अंतर पाहणाराच्या नजरेतून निसटते. मधल्या दोन शब्दांचे त्यास काहीच वाटत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचे कलम ५४ स्पष्ट सांगते की, विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हितसंबंध उत्पन्न होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली बजावले की, साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र ह्यांची जुडी म्हणजे मालकी नव्हे. त्यास नोंदलेले खरेदीखतच पाहिजे. भाडेकऱ्याची गोष्टही निराळी नाही. दहा वर्षे राहत असलेला व आजही राहणारा भाडेकरू 'आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन यिअर्स' असे लिहून देतो, तेव्हा वाचणारा समजतो की हा गृहस्थ केव्हाच जागा सोडून गेला. त्यास लिहावयाचे असते 'आय हॅव लिव्ह्ड'.

न्यायालय सबंध कागद वाचते, एका शब्दावर निकाल लावीत नाही, असे आमचे वकीलबंधू म्हणतील, आणि ते खरेही आहे. परंतु न्यायाधीशांनी सबंध कागद वाचावा एवढ्यासाठी आधी दावा लावावा लागतो, आणि दावा किती वर्षे चालतो हे पेढीवर बसणारास आम्ही सांगावयास नको. शिवाय कागद स्पष्ट असला म्हणजे 'माझ्या मनात तसे नव्हते' ही तोंडी सबब पुराव्याचा कायदा सहसा ऐकून घेत नाही.

आता हा घोळ होतो का? आमचे लोक मंदबुद्धीचे आहेत म्हणून खास नव्हे. मराठीची काळाची रीत निराळी आहे, आणि आपण मराठीच्या साच्यात इंग्रजी शब्द ओततो. दुकानातून उठताना 'आलोच' म्हणणारा मनुष्य त्या वेळी जात असतो; रूप भूतकाळाचे, अर्थ भविष्याचा. तगादेवाल्यास आपण 'उद्या देतो' म्हणतो. तेथे रूप वर्तमानाचे, वचन भविष्याचे (आणि प्रत्यक्ष देणे बहुधा त्याच्याही पलीकडचे). 'मी त्यांस पैसे दिले होते' हे मराठीत साधे भूतकाळाचे बोलणे म्हणून चालते. त्याचे 'आय हॅड पेड हिम' केले की इंग्रजी वाचक 'कशाच्या आधी?' म्हणून पुढच्या वाक्याची वाट पाहतो, कारण त्या भाषेत हे रूप दुसऱ्या एखाद्या गत गोष्टीच्याही पूर्वीचे आहे. तसेच 'काल रक्कम मिळाली आहे' हे मराठीत चालते. इंग्रजीत 'हॅव रिसीव्ह्ड' आणि 'यस्टरडे' ह्यांचा संसार होत नाही. काल म्हटले की 'आय रिसीव्ह्ड' एवढेच.

आमच्या शाळांतून ह्यांतले काय शिकवितात? 'गो, वेंट, गॉन' ही रूपे पाढ्यांसारखी घोकून घेतात. मुलास तिन्ही रूपे येतात, पण कोणते केव्हा वापरावे हे येत नाही. हत्यारे दिली आणि कसब दिले नाही, असा हा प्रकार आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर जी पिढी वाढली तिचा उच्चार कदाचित यथातथा असेल, पण मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी करावयाचे, ह्या रीतीत दोन भाषांचा काळ ताडून पाहण्याची सवय आपोआप लागत असे. बालवयापासून सर्व काही इंग्रजीतच शिकविण्याच्या हौसेत ती सवय मोडत चालली आहे. मराठी शिकविण्याचे टाकल्याने इंग्रजी सुधारते, हा समज आम्हांस सर्वस्वी भ्रामक वाटतो.

इंग्रजी टाकून द्या असे सांगण्याइतके आम्ही भोळे नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि परप्रांतांशी व परदेशांशी व्यापार करणारास ती भाषा हवीच. पण शेजारच्या पेठेतील गाळा घेताना इंग्रजी कागद कशासाठी? मराठीत लिहिलेला दस्त महाराष्ट्रात नोंदवून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही; आडकाठी आहे ती आमच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेची. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले तेव्हा मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापला. इंग्रजी कागद अपरिहार्य असेल तेथे तशीच मराठी प्रत शेजारी मागून घेण्यास आज कोण अडवितो?

तूर्त व्यापारी मंडळींनी एवढे करावे. इंग्रजी कागद पुढे आला की त्यातील प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि लिहून आणणारास विचारावे की, हे झाले आहे, होत आहे, की व्हावयाचे आहे? त्यास उत्तर देता आले नाही, तर इसाराची रक्कम त्या दिवशी खिशातच राहू द्यावी.