गणित हाताला कळू द्या

दहावीचा निकाल लागला की आपल्या मंडळात गुणगौरव समारंभाची लगबग सुरू होते. नव्वद टक्क्यांच्या वरची मुले व्यासपीठावर येतात, शाल-श्रीफळ होते, पाहुण्यांचे भाषण होते, फोटो निघतात. आम्हीही दरवर्षी टाळ्या वाजवतो, आणि त्या वाजवायलाच हव्यात. पण यंदा आमचे लक्ष सभागृहाच्या मागच्या रांगांकडे गेले. तिथेही आपलीच मुले बसली होती. समारंभानंतर अल्पोपाहाराच्या वेळी त्यांच्याशी बोललो, तेव्हा एकच वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकले : “काका, मी गणित बेसिक घेतलं होतं.”

ज्यांच्या घरी सध्या दहावीचे मूल नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गुजरात बोर्डाने २०२२ च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका केल्या, एक बेसिक आणि एक स्टँडर्ड. सीबीएसईने हे त्याआधी २०२० च्या परीक्षेपासूनच सुरू केले होते. पुस्तक दोघांना एकच, फरक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा. आपल्या राज्यात बेसिक निवडणाऱ्यांची संख्या स्टँडर्डवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. बेसिक घेणे हा काही गुन्हा नव्हे. ज्याला चित्रकलेत किंवा भाषेत गती आहे त्याने तो पर्याय खुशाल घ्यावा. आमचे दुखणे वेगळे आहे. पंधराव्या वर्षी ही निवड आवडीने होत नाही, ती भीतीने होते. आणि भीतीने बंद केलेले दार पुढे उघडताना फार जड जाते.

ही भीती येते कुठून? आमच्या मते ती मुलांच्या बुद्धीतून येत नाही. बालवाडीत याच मुलांच्या हातात मणी, ठोकळे, चिंचोके असतात. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी हे दाखवून दिले, की मूल आधी हाताने शिकते. गुजराती आणि मराठी माणसाने खांद्याला खांदा लावून उभे केलेले ते काम आपल्याला अभिमानाचे वाटते. पण पुढे काय होते? मूल वरच्या वर्गात गेले की मणी कपाटात जातात, आठवीनंतर तर हाताची घडी आणि तोंडावर बोट. नेमके जेव्हा गणित डोळ्यांना दिसेनासे होते, अक्षरांत आणि सूत्रांत शिरते, तेव्हाच आपण मुलाच्या हातातली वस्तू काढून घेतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या मदतीने आम्ही मंडळाच्या मागच्या खोलीत पाच रविवार एक छोटा प्रयोग केला. नववी-दहावीची नऊ मुले होती. कोणी गुजराती माध्यमाचे, कोणी इंग्रजी, एक मराठी माध्यमाचा. पहिल्या रविवारी जाड कागदाचा एक शंकू आणि एक वृत्तचिती केली; दोघांचा तळ सारखा, उंची सारखी. बाईंनी विचारले, शंकू तांदळाने भरून किती वेळा ओतला म्हणजे ही वृत्तचिती भरेल? बहुतेकांनी उत्तर दिले, “दोनदा.” शंकूच्या घनफळाचे सूत्र ज्या मुलीला तोंडपाठ होते तीसुद्धा “दोनदा”च म्हणाली! तिसऱ्यांदा ओतल्यावर तांदूळ काठाशी आला, तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली, “म्हणजे तो एक तृतीयांश हा आहे होय?” सूत्र पाठ असणे आणि सूत्र कळणे यांतले अंतर आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. आणखी एक गंमत. गुजराती माध्यमाचा मुलगा वृत्तचितीला ‘नळाकार’ म्हणत होता, इंग्रजी माध्यमाची ‘सिलिंडर’. डबा हातात आल्यावर कोणाचे काही अडले नाही. ज्यांच्या घरात आजी एका भाषेत बोलते, शाळा दुसऱ्या भाषेत आणि क्लास तिसऱ्या, त्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही गोष्ट फार मोलाची आहे.

दुसऱ्या रविवारी कोनमापक, दोरा आणि एक नट एवढ्या भांडवलावर उन्नत कोन मोजायचे साधन केले आणि समोरच्या पाण्याच्या टाकीची उंची काढली. दोन्ही गट टाकीपासून वीस मीटरवर उभे राहिले, कोन दोघांचाही पस्तीस अंश. तरी एका गटाचे उत्तर चौदा मीटर आणि दुसऱ्याचे साडेपंधरा. जोरदार भांडण झाले. शेवटी कळले, की पहिल्या गटाने मोजणाऱ्याच्या डोळ्यांची दीड मीटर उंची मिळवलीच नव्हती. पुस्तकातल्या उदाहरणात ती उंची छापून दिलेली असते. टाकीसमोर उभे राहिल्यावर ती स्वतःला आठवावी लागते. ही चूक ती मुले आता जन्मात करणार नाहीत.

तिसरा रविवार आमच्या धंद्याचा. आम्ही बँकेत कारकुनी करतो. हप्त्यावर वस्तू घेताना ‘फ्लॅट’ व्याज आणि घटत्या शिलकीवरचे व्याज यांतला फरक न कळल्याने फसलेली, चांगली शिकलेली माणसे आम्ही काउंटरपलीकडे रोज पाहतो. म्हणून मुलांना चौकटीचा कागद दिला आणि सांगितले : बारा हजार रुपये कर्ज, दरमहा एक हजार मुद्दल फेडायचे, व्याज महिन्याला एक टक्का. एक चौकट म्हणजे दहा रुपये व्याज. पहिल्या महिन्यात बारा चौकटी रंगवा, दुसऱ्यात अकरा, असे करत बाराव्या महिन्यात एक. कागदावर जिना तयार झाला. मग दोन गटांचे जिने कापून एकमेकांत उलटे बसवले, तर बारा बाय तेराचा आयत झाला. चौकटी १५६, त्याच्या निम्म्या ७८. म्हणजे वर्षाचे व्याज ७८० रुपये. आता तोच दर ‘फ्लॅट’ लावला तर? दर महिन्याला बाराच्या बारा चौकटी. जिन्याऐवजी पूर्ण चौरस, १४४ चौकटी, व्याज १,४४० रुपये! दर तोच बारा टक्के, पैसे जवळजवळ दुप्पट. शाळेत ज्याला ‘समांतर श्रेणी’ म्हणतात आणि आपण अंकगणिती श्रेढी म्हणतो, तिच्या बेरजेचे सूत्र त्या आयतातून मुलांनी आपणहून काढले. आम्ही फळ्याला हातही लावला नाही.

आणि चौथ्या रविवारी एका मुलीच्या आजी आल्या. त्यांनी ‘अकरा ते एक’ ठिपक्यांची रांगोळी काढली : मधली ओळ अकराची, वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत एकापर्यंत. एकूण ठिपके किती? मुले मोजायला बसली, तेव्हा आजी म्हणाल्या, “मोजता कशाला, तिरक्या ओळी बघा की!” तिरके पाहिले तर अकरा ओळी आणि प्रत्येकीत अकराच ठिपके. एकशे एकवीस. अकराचा वर्ग त्या आजींच्या बोटांत साठ वर्षे होता, त्यांना त्याचे नाव कोणी सांगितले नव्हते इतकेच.

पाचव्या रविवारी उजळणी झाली. आम्ही काही फार मोठा शोध लावला असा आमचा दावा नाही. टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्या घालून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक मद्रासला १८९३ मध्येच छापले होते. आपल्या पुण्याचे अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंतून विज्ञान आणि गणित शिकवण्यात आयुष्य घालवीत आले आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एनसीईआरटीने माध्यमिक वर्गांसाठी गणिताच्या प्रयोगांची पुस्तिका काढलेली आहे आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही अनुभवातून शिकण्याचाच पुरस्कार करते. कागदावर सगळे आहे. वर्गात मात्र ते दिसत नाही.

का दिसत नाही, याची कारणेही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजेत. शिक्षकाला पन्नास-साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे, वरून अभ्यासक्रम संपवण्याची घाई. त्याला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. दुसरे, अनेक शाळांत ‘गणित प्रयोगशाळा’ म्हणजे कुलूपबंद कपाट असते आणि ते तपासणीच्या दिवशी उघडते. तिसरा दोष आपला, पालकांचा. ‘प्रोजेक्ट’ म्हटले की आपण स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचे तयार मॉडेल आणतो. त्यात हात दुकानदाराचे, गुण मुलाचे आणि शिकले कोणीच नाही!

काही जाणकार असाही आक्षेप घेतील, की खेळ म्हणजे गणित नव्हे. आक्षेप रास्त आहे. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जुळवले म्हणजे १८० अंश दिसतात, पण सिद्ध होत नाहीत. एका कागदावर दिसले ते सगळ्या त्रिकोणांना कसे लागू, हे वहीतच उतरले पाहिजे. म्हणून प्रत्येक कृतीनंतर आम्ही मुलांना अर्धा तास लिहायला बसवत होतो. हातातून डोक्यात आणि डोक्यातून वहीत, असा हा रस्ता आहे. यातला कोणताही टप्पा गाळला की एक तर पाठांतर उरते, नाही तर करमणूक.

वाचकहो, बडोद्याच्या मराठी माणसाला हे नवे वाटायचे कारण नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली त्रिभुवनदास गज्जरांनी याच शहरात कलाभवन उभे केले. तंत्रविद्या देशी भाषांतून आणि हाताने काम करून शिकवावी, हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले. महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या राजाची जयंती आपण थाटात करतो. त्याच्या शहरात आपल्या मुलाने गणिताला भिऊन पाठ फिरवावी, हे आपल्याला शोभत नाही.

मग करायचे काय? मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमची सूचना सरळ आहे. गुणगौरव समारंभ जरूर व्हावा, पण त्यातील हारतुऱ्यांचा आणि पुष्पगुच्छांचा खर्च निम्मा करावा. उरलेल्या पैशांतून जाड कागद, कात्र्या, कोनमापके, मापपट्ट्या आणि टेप यांची एक पेटी घ्यावी आणि रविवारी सकाळी दोन तास मागची खोली नववी-दहावीच्या मुलांना खुली करावी. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, शिक्षक आहेत, सुतारकाम जाणणारे आहेत, रांगोळी काढणाऱ्या आज्या आहेत. महिन्यातला एक रविवार प्रत्येकाने दिला तरी वर्ष निघेल.

पण मंडळाने सगळे करावे आणि सरकारने मोकळे राहावे, असेही आम्ही म्हणणार नाही. निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या वाड्यांत, सोसायट्यांत येतात, जुन्या मराठी घरांची आठवण काढतात. यापुढे जो कोणी मत मागायला येईल त्याला चहा द्या आणि तीन प्रश्न विचारा. आमच्या भागातल्या शाळांत गणिताच्या शिक्षकांच्या सर्व जागा भरलेल्या आहेत काय? गणिताची खोली आहे काय, आणि तिची किल्ली कोणाकडे असते? आठवड्याच्या वेळापत्रकात प्रत्यक्ष कृतीसाठी एक तरी तास आहे काय? उत्तरे लिहून घ्या, त्याच्यासमोर लिहून घ्या. पुढच्या खेपेला तोच माणूस आला की वही उघडा.

पुढच्या वर्षीही समारंभ होईल, टाळ्या होतील. त्या दिवशी मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाने “मी बेसिक घेतलं” असे सांगितले तरी चालेल. फक्त ते मान खाली घालून सांगू नये, एवढीच आमची इच्छा आहे. पेटीसाठी पहिले पाचशे एक रुपये आम्ही खजिनदारांकडे जमा केले आहेत. रविवारी सकाळी नऊ वाजता भेटू.