शोध तिचा, किंमत कुणाची?

चळवळीतल्या बाईनं कादंबऱ्या वाचण्यात वेळ कशाला घालवायचा, असं आपल्या बैठकांत अजूनही कुणी ना कुणी म्हणतं. त्यातून कादंबरी ‘स्वतःच्या शोधा’ची असेल, तर ती मध्यमवर्गीय बाईची चैनच ठरते. मला हे पटत नाही. ‘मी कोण’ हा प्रश्न घरातच उभा राहतो आणि त्याची किंमतही घरातलंच कुणीतरी मोजतं. म्हणून मैत्रिणींनी या तीन कादंबऱ्या जरूर वाचाव्यात.

कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) अनेकींना माहीत असेल. आदिवासी भागातल्या निवडून आलेल्या सरपंच बायांना भेटत हिंडणारी प्रफुल्ला, त्यांचं ऐकता ऐकता स्वतःकडेही बघायला लागते. शोध आणि चळवळ इथे वेगळे काढताच येत नाहीत.

गीतांजली श्री यांच्या हिंदी ‘रेत समाधि’त (२०१८) नवरा गेल्यावर ऐंशीची अम्मा भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मग उठते, मुलाचं घर सोडून एकट्या राहणाऱ्या मुलीकडे येते, रोझी या हिजडा मैत्रिणीबरोबर रमते आणि पार पाकिस्तानात पोचते. आई मोकळी होत जाते. स्वतंत्र वृत्तीची मुलगी मात्र तिचं करता करता स्वतःच ‘आई’ होऊन बसते.

तिसरी आपल्याला अडचणीत टाकणारी आहे. २०२० च्या बुकरच्या अंतिम यादीत आलेली अवनी दोशी यांची ‘बर्न्ट शुगर’ ही इंग्रजी कादंबरी पुण्यात घडते. तारा लग्न मोडून लहानग्या अंतरासह आश्रमात जाते. मुलीची आबाळ होते. पुढे ताराची स्मृती जाऊ लागते आणि तिला सांभाळायची वेळ त्याच मुलीवर येते. वाचताना ताराचा राग येतो, यायलाच हवा. पण दुसरं घर थाटणाऱ्या बापाला आपण किती सहज सोडून देतो, हेही तपासायला हवं.

या शोधांमधलं ओझं एका बाईच्या खांद्यावरून उतरून दुसरीच्या खांद्यावर जातं; पुरुषाकडे क्वचितच. तेव्हा गटात या कादंबऱ्या वाचताना एवढंच विचारू या: इथे रांधतं कोण, दुखणं काढतं कोण? आणि घरकामाला येणाऱ्या बाईच्या ‘मी कोण’ची कादंबरी कोण लिहिणार? कदाचित आपल्यातलीच कुणी. तोवर वाचत राहू या, भांडत राहू या.